पुढे: सहा नंबरची खाट

वारलेल्या एका सिस्टरची भाची आक्कांकडे आली तेव्हा मास्तर नव्या प्रकरणाला शीर्षक काय द्यावं या विवंचनेत पेन चावत बसले होते.

मास्तर शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. तीन वर्षं ते आक्कांबरोबर हिंडत होते आणि आक्कांनी सोडवलेली प्रकरणं वहीत उतरवून काढत होते. चौदा झाली होती. त्यांचं पुस्तक व्हावं ही मास्तरांची फार इच्छा होती, पण एकाही प्रकाशकानं दुसऱ्या पानाच्या पुढे मजल मारली नव्हती. आक्का म्हणायच्या, "तुमच्या गोष्टीत मी फारच हुशार दिसते हो. लोकांना खरं वाटायचं नाही." बावीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधून त्यांची जीभ अशी झाली होती. आता त्या स्वतंत्रपणे तपासाची कामं घेत.

भाचीनं कापडी पिशवीतून तीन जाड वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

"माझ्या मावशीच्या आहेत. चाळीस वर्षं इस्पितळात सिस्टर होती. आठ महिन्यांत तिनं हे लिहून काढलं. पंधरा दिवसांपूर्वी, मंगळवारी दुपारी, ती हे प्रकाशकाकडे द्यायला निघाली आणि जिन्यावरून पडली. संध्याकाळी गेली."

"पोलीस काय म्हणतात?"

"पाय घसरला म्हणतात. आक्का, मी दोन वाजता तिला घ्यायला येणार होते. औषधांच्या दुकानात कामाला आहे मी, नेमकी गर्दी झाली. नाही गेले." तिनं डोळे टिपले. "ती घसरलीच असेल तर ते माझ्यामुळे. एवढंच मला सांगा. दोन आठवडे झोप नाही मला."

आक्कांनी तिला पाणी दिलं. सांत्वनाचं काही बोलायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

"घरी गेलीस तेव्हा काय दिसलं ते सांग. बारीकसारीक सगळं."

"सात वाजता गेले. दार ओढून घेतलेलं होतं. ते आपोआप लागतं. माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं. टेबलावर वह्या होत्या, त्यांच्यावर इस्त्री ठेवलेली. पिशवी खुंटीवर. स्वयंपाकघरात ओट्यावर एक वाटी होती, आत पिठाचं काहीतरी घट्ट झालेलं. मावशी खरकटं भांडं कधी ठेवायची नाही, पण निघायची घाई असेल. मी घासून टाकली."

"मावशीची किल्ली?"

"दारामागच्या खिळ्यावर. नेहमीच्या जागी."

"आणि पायात?"

"बाहेरच्या चपला. पोलिसांनीच दिल्या मला."

मास्तर म्हणाले, "म्हणजे वह्या विसरल्या, आणि लक्षात येताच परत वर जायला वळल्या. तिथंच तोल गेला. सरळ आहे."

"असेल," आक्का म्हणाल्या. मास्तरांना त्यांचं 'असेल' ओळखीचं होतं.

दोन दिवस आक्का वह्या वाचत राहिल्या. मास्तरांनीही वाचल्या आणि त्यांना मनातून थोडा हेवा वाटला. या बाईला लिहिता येत होतं. कुठे नटवेपणा नाही, रडारड नाही. एक गंमत मात्र होती. प्रत्येक पानाच्या तळाशी 'पुढे' असं लिहून पुढच्या पानाचा विषय नोंदलेला होता. भाचीनं उलगडा केला होता, "वॉर्डातली सवय. ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरसाठी लिहून ठेवायचं, कोणाकडे बघायचंय. काही करायचं राहिलं असेल तर 'राहिलं' म्हणून तेही."

तिसऱ्या वहीत एका पानावर जुन्या पुरुष वॉर्डाचं वर्णन होतं. कोणत्या खाटेवरून काय दिसतं ते सिस्टरनं लिहिलं होतं. चार नंबरवरून नुसती भिंत, सहा नंबरवरून खिडकीतून समोरचं तसबिरी मढवून देण्याचं दुकान. तळाशी होतं, 'पुढे: सहा नंबरची खाट.' आणि पान उलटलं की एकदम संसर्गाच्या वॉर्डाची हकिगत सुरू होत होती.

"विसरल्या असतील," मास्तर म्हणाले.

"एवढ्या पानांत एकदाच? इथं वही कशी उघडते बघा."

मास्तरांनी बघितलं. त्या जागी वही जरा ताठ होती, सपाट पडत नव्हती. "काहीतरी सांडलं असेल."

"पानं मोजा मास्तर. दोन्ही बाजू धरून."

मास्तरांनी दोनदा मोजली. एकशे नव्वद. आक्कांनी वहीचं पुठ्ठ्याचं वेष्टन उलटून त्यावरची छापील अक्षरं वाचली आणि वही मिटली. मास्तरांनी ती अक्षरं वाचायचे कष्ट घेतले नाहीत. ही त्यांची खोड जुनीच.

सिस्टर राहायच्या ती इमारत तीन मजली. जिना अंधारा, भिंतींना छातीपर्यंत गुळगुळीत हिरवा तेलरंग. मास्तर चढताना भिंतीला हात टेकवत गेले. हाताला काही लागलं नाही, एवढी ती स्वच्छ होती.

जिन्याखालीच घड्याळजींचं दुकान. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळात वाकले होते.

"किती वाजले होते तेव्हा?" आक्कांनी विचारलं.

"ते नाही सांगता यायचं."

मास्तरांनी भिंतीवर नजर टाकली. निदान चाळीस घड्याळं होती.

"ती दुरुस्तीला आलेली आहेत," घड्याळजी चिडून म्हणाले. "पण सगळं ऐकलंय मी. आधी धडधड. मग वर जाणारी पावलं. मला वाटलं कोणीतरी घाबरून वर पळालं. मी भिंग काढून बाहेर येईतो बाई खाली पडलेल्या. श्वास चालू होता."

"वरून कोणी उतरलं?"

"मग काय, सगळेच उतरले की. दुसऱ्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं, ते शिंप्याचं कुटुंब, कोण कोण. गर्दी झाली. गाडी यायला पाऊण तास लागला. मी जिन्यातच बसून होतो. नंतर गर्दीतून आमच्या ग्रंथालयातल्या ग्रंथपालबाई पुढे आल्या आणि त्यांनी सिस्टरचं डोकं मांडीवर घेतलं. केसांवरून हात फिरवत, रडत बसल्या होत्या. मला बघवेना. केसांत पांढरं काहीतरी लागलं होतं, भिंतीचा चुना असेल."

"तुमचं आणि सिस्टरचं कसं होतं?"

घड्याळजींनी भिंग खाली ठेवलं. "खरं सांगू? डोळ्यांत खुपायची ती माझ्या. ग्रंथालयात रविवारी आमची लिहिणाऱ्यांची बैठक असते. मी वीस वर्षं एकच कादंबरी लिहितोय. ही बाई येते काय, आठ महिन्यांत संपवते काय, आणि प्रकाशक हो म्हणतो काय! जळफळाट झाला माझा." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पण चांगलं लिहायची हो. माझी तिसाव्या पानावर अडलेली नायिका तिनंच सोडवून दिली."

ग्रंथालय दोन गल्ल्या सोडून होतं. तिथे जायचं म्हटल्यावर मास्तरांनी घरी जाऊन एक पुस्तक बरोबर घेतलं. कव्हर विटलेलं, कोपरे झिजलेले. ग्रंथपालबाईंची एकुलती एक कादंबरी. पंचवीस वर्षांपूर्वी आली, बारा आवृत्त्या निघाल्या, कॉलेजात लागली. मास्तरांनी ती अकरा वेळा वाचली होती. बायको गेली त्या वर्षी तर दुसरं काही वाचलंच नव्हतं.

"पहिलं वाक्यच ऐका आक्का. 'रोज सकाळी तो समोरच्या दुकानातल्या रिकाम्या चौकटी मोजायचा. आज एक कमी होती.' कळतच नाही आपल्याला, की तो अंथरुणाला खिळलाय आणि चौकट स्वतःसाठी निवडतोय!"

"बघू," म्हणत आक्कांनी पुस्तक हातात घेतलं आणि त्या चालता चालता वाचू लागल्या.

ग्रंथपालबाई साठीच्या, हळू बोलणाऱ्या. एका जुन्या पुस्तकातलं कीड लागलेलं पान त्या कापत होत्या, शिवणीपाशी बोटभर पट्टी राखून.

"मुळापासूनच का नाही काढत?" मास्तरांनी विचारलं.

"मग पलीकडचं जोडपान सुटतं. एकाच कागदाची दोन टोकं ती. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो." त्यांनी पट्टी दुमडली, बशीतली खळ बोटानं लावली, पुस्तक मिटून थप्पीच्या तळाशी सरकवलं. "माझ्या हाताखालून एकही चांगलं पान गळलेलं नाही. कागद टाकवतच नाही माझ्याच्यानं."

सिस्टरचा विषय निघताच त्यांचे डोळे भरले. "फार जुनी ओळख. तरुणपणी मी पुस्तकांची हातगाडी घेऊन इस्पितळात जायचे, तेव्हापासूनची. तिची हस्तलिखितं मीच आधी वाचली. सुंदर आहेत."

"काही बदल सुचवलेत?"

"किरकोळ."

"तिनं तुमची कादंबरी वाचली होती?"

बाई किंचित हसल्या. "तिला कादंबऱ्यांचं वावडं. म्हणायची, खोट्या माणसांसाठी रडायला मला वेळ कुठे आहे."

मास्तरांनी धीर करून सही मागितली. शीर्षकाच्या पानावर, छापील नावाखाली, त्यांनी सही केली. मास्तर इतके हरखले होते की दुसरी कादंबरी का नाही लिहिली, हेही त्यांनी विचारून टाकलं.

"एका जन्मात एक पुरे झाली," बाई म्हणाल्या.

राहिले इस्पितळातले मोठे डॉक्टर. वहीत त्यांच्यावर अकरा पानं होती. एका चुकीच्या शस्त्रक्रियेची गोष्ट, नावानिशी, तारखेनिशी.

"गेलो होतो मी तिच्याकडे," डॉक्टरांनी कबूल केलं. "हात जोडले. ती म्हणाली, डॉक्टर, हे खरं आहे की नाही? यावर मी काय बोलणार? मंगळवारी दुपारी मी एक ते पाच शस्त्रक्रियेत होतो, विचारा कोणालाही." मग हळूच विचारलं, "ती पानं आहेत अजून?"

"सगळी. एक अक्षर गेलेलं नाही."

डॉक्टर खुर्चीत खचले. मग म्हणाले, "छापा मग."

"जुन्या वॉर्डातली सहा नंबरची खाट आठवते?"

"अहो, किती आले नि किती गेले तिथे. एक मात्र लक्षात आहे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा एक पोरगा होता. फुप्फुसं गेली होती. दिवसभर वहीत लिहायचा. तो गेल्यावर त्याची आई वही मागायला आली, तर वही सापडेना. सगळा वॉर्ड पालथा घातला आम्ही. सिस्टर तेव्हा रजेवर होती. सव्वीस वर्षं झाली असतील."

बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, "म्हणजे डॉक्टर सुटले. राहिला घड्याळजी. जिन्याखालीच बसणारा माणूस, हेवाही होता. तोच!"

"मास्तर, ती कादंबरी दोन दिवस माझ्याकडे राहू द्या."

पुस्तक देताना मास्तर जरा घुटमळले. का, ते त्यांचं त्यांनाही कळेना.

रविवारी सकाळी वाचनकक्षात बैठक भरली. भाची, घड्याळजी, प्रकाशक, ग्रंथपालबाई. मागच्या बाकावर साध्या कपड्यांत फौजदार. आक्कांनी त्यांची ओळख 'नवीन सभासद' अशी करून दिली होती.

"सिस्टरच्या वहीतलं एक पान आज वाचायचं होतं," आक्का म्हणाल्या, "पण ते वहीत नाही. वेष्टनावर छापलंय, पृष्ठे एकशे ब्याण्णव. मास्तरांनी मोजली एकशे नव्वद. एक पान, म्हणजे दोन बाजू, कमी. 'पुढे: सहा नंबरची खाट' असं लिहून सिस्टर विसरली नव्हती. पुढचं पान कापलं गेलंय."



"आधी मंगळवारची दुपार घेऊ. बाहेरच्या चपला पायात, म्हणजे सिस्टर निघाली होती. दार आपोआप लागतं, म्हणजे किल्ली तिच्याजवळच हवी. मग ती आतल्या खिळ्यावर कशी गेली? ती जिन्यात पडल्यानंतर कोणीतरी तिची किल्ली आणि पिशवी घेऊन वर गेलं. घड्याळजींनी ती पावलं ऐकली. परत उतरताना किल्ली रिकाम्या खिळ्याला अडकवली आणि दार ओढून घेतलं. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय असलेला माणूस."

भाचीनं तोंडावर हात धरला.

"वर त्या माणसानं काय केलं? पान कापलं. नुसतं ओढलं असतं तर जोडपान सुटलं असतं आणि पान गेल्याचं दिसलं असतं. म्हणून बोटभर पट्टी राखली, दुमडली, चिकटवली. तिथेच वही ताठ झालीय. चिकटवायला घरात काही नव्हतं, तेव्हा पीठ शिजवून वाटीत खळ केली. आणि पट्टी बसावी म्हणून वह्यांवर इस्त्री ठेवली. डॉक्टरांना पान काढायचं असतं तर त्यांची अकरा पानं शाबूत राहिली नसती. घड्याळजींना पातं चालवता येतं, पण ते पाऊण तास जिन्यातच होते."

घड्याळजींनी मोठा श्वास सोडला.

"मग तो माणूस गर्दीबरोबर खाली आला. सिस्टरचं डोकं मांडीवर घेतलं, केसांवरून हात फिरवला. घड्याळजींना केसांत पांढरं दिसलं. त्यांना वाटलं चुना. त्या भिंतींना तेलरंग आहे. मास्तर भिंत धरून चढले, त्यांच्या हाताला कणही लागला नाही. ती खळ होती, बाई. तुमच्या बोटांची."

ग्रंथपालबाई टेबलावर हात ठेवून बसल्या होत्या. हातांकडेच बघत होत्या.

मास्तर ताडकन उठले. "आक्का, कशासाठी पण? त्यांना काय कमी होतं?"

"सांगते. बसा." आक्कांचा आवाज मास्तरांशी बोलताना प्रथमच मऊ झाला. "सहा नंबरच्या खाटेवरून तसबिरीचं दुकान दिसायचं. रिकाम्या चौकटी. ते वाक्य तुम्हीच मला ऐकवलंत, मास्तर. त्या खाटेवर एक पोरगा वही लिहीत मेला आणि वही नाहीशी झाली. वॉर्डात पुस्तकांची गाडी घेऊन कोण यायचं, ते बाईंनीच सांगितलं. वर्षभरात बाईंची कादंबरी आली. पहिली आणि शेवटची. सिस्टरनं ती कधी वाचली नाही, म्हणून तिला कळलं नाही. पण पान छापलं गेलं असतं तर कॉलेजातल्या कुठल्याही पोराला कळलं असतं."



"मी ढकललं नाही तिला," ग्रंथपालबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. "जिन्यात शेवटचं विनवलं. एवढं एक पान काढ म्हटलं. ती म्हणाली, त्या एका पानासाठीच तर हे सगळं लिहिलं. मी पिशवी ओढली. तिनं सोडली नाही."

"ते न्यायाधीश ठरवतील. पण ती पडल्यावर जिवंत होती, बाई. तुम्ही तिच्या मुठीतली किल्ली काढून घेतलीत. खाली ती श्वास मोजत होती आणि वर तुम्ही खळ शिजवत होता."

"वह्या नाहीशा झाल्या असत्या तर सगळ्यांनी वह्यांचाच विचार केला असता," बाई पुटपुटल्या. "आणि... चांगलं लिहिलं होतं तिनं. ते जाळवेना मला."

"म्हणून ते पानही तुम्ही जाळलेलं नाही. कुठे आहे?"

बाईंनी खण उघडला. एका कोऱ्या पाकिटातून घडी न घातलेलं पान काढून भाचीसमोर सरकवलं. फौजदार मागच्या बाकावरून उठले.

भाचीनं पान मोठ्यानं वाचलं. सहा नंबरच्या पोराचं नाव त्यात होतं, पूर्ण नाव. त्या खोलीत ते पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं. त्यानं सिस्टरला सांगितलं होतं, मी दुसऱ्यांची पुस्तकं जुळवली, आता माझं कोणी जुळवेल का? सिस्टरनं शब्द दिला होता. रजेवर जाताना तिनं त्याला सांगितलं, गाडीवाल्या बाई शिकलेल्या आहेत, वही त्यांच्याकडे दे, त्या कुठेतरी पोचवतील. परत आली तेव्हा खाट रिकामी होती. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्यानं कधी दिलीच नाही. मला वाटलं मरणाच्या घाईत कुठेतरी पडली असेल, असं सिस्टरनं लिहिलं होतं. तिनं बाईंवर संशयसुद्धा घेतला नव्हता.

पानाच्या तळाशी येऊन भाची थांबली. मग हळू वाचलं, "'पुढे: संसर्गाचा वॉर्ड. राहिलं: त्याच्या वहीचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. हे वाचणाऱ्या कोणाला माहीत असेल तर कृपा करून कळवावं.'"

फौजदार बाईंना घेऊन गेले. जाताना बाईंनी थप्पीतलं वाकडं झालेलं एक पुस्तक सरळ केलं.

"तू न गेल्यामुळे काही झालेलं नाही," आक्का भाचीला म्हणाल्या. "हे मी सिद्ध करून दिलंय. आता झोप."

भाची रडत होती. मास्तरांनी आक्कांकडून आपली कादंबरी मागून घेतली. शीर्षकाचं पान उघडलं. छापील नाव, त्याखाली ताजी सही. अकरा वेळा वाचलेलं ते पुस्तक हातात जड वाटत होतं. त्यांना वाटलं होतं, ते आता उघडवणार नाही. पण पहिलं वाक्य समोर आलं आणि ते अजून तितकंच सुंदर होतं.

त्यांनी पेन काढलं. दोन्ही नावांवर सावकाश, सरळ रेघ मारली, आणि भाचीच्या हातातल्या पानावरून बघून, अक्षर चुकू न देता, सहा नंबरच्या पोराचं नाव वर लिहिलं. मग पुस्तक तिच्यासमोर ठेवलं.

"मावशीचं राहिलेलं काम," मास्तर म्हणाले. "ही घ्या ती वही."